मुठी बसवणारे जगनआप्पा

नऊ मोटरसायकली, अठरा ग्रिप, सोमवारपर्यंत. सुरतेतल्या पर्वत पाटिया भागात जगनआप्पांच्या टपरीवर मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या वहीत एवढंच लिहिलेलं होतं.

मी यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात माल पाठवण्याचं काम बघते. बेअरिंग, पट्टे, सील असलं सामान. हजीऱ्याच्या एखाद्या कारखान्यात मशीन थांबलं की आमचा माणूस मोटरसायकलवर भाग घेऊन निघतो. असे नऊ जण आहेत. त्यांतल्या हिंमतच्या हातातून, हजीऱ्याहून परत आल्यावर, चहाचा कप दोनदा सुटला. तिसऱ्यांदा सुटला तेव्हा मी विचारलं. बोटांना मुंग्या येतात म्हणाला. कधी कधी ब्रेक दाबलाय की नाही तेच कळत नाही, हे त्याने हसत सांगितलं. मी बाकीच्या आठ जणांना विचारलं, तर पाच जणांचं तेच. सगळ्यांच्या ग्रिप झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि गाडीची थरथर थेट हाडात. मी वहीत काम लिहिलं आणि पत्ता काढला.

आप्पांनी वही वाचली आणि परत दिली. "ताई, गाड्या नका पाठवू. माणसं पाठवा."

"गाड्यांबरोबर माणसं येणारच की."

"तशी नको. एकेक. आणि घाईत नसलेला."

घाईत नसलेला माणूस माझ्याकडे एकही नव्हता. तरी मी दुसऱ्या दिवशी हिंमतला पाठवलं आणि स्वतःही गेले, कारण कामाला किती वेळ लागतो ते मला लिहून घ्यायचं होतं. पाऊण दिवस लागला.

आप्पा साठी ओलांडलेले, काटकुळे, भर उन्हाळ्यातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून. पारोळ्याकडून ऐन तारुण्यात आलेले. तीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, मिस्त्री होते. तो कारखाना बंद झाल्यावर ही चार फुटांची टपरी टाकली. पंक्चर नाही, ऑईल नाही, धुलाई नाही. फक्त हात जिथे लागतो तेवढं काम: ग्रिप, ब्रेक-क्लचच्या दांड्या, आरसे. शेजारचे मेकॅनिक त्यांना 'हातवाले डॉक्टर' म्हणत, त्यात थोडी थट्टा होती आणि थोडी नव्हतीही.

हिंमत बसला तसं त्यांनी म्हटलं, "हात दखाड." मी जालन्याकडची, पण दखाड म्हणजे दाखव हे त्यांच्या पुढे केलेल्या हातावरूनच कळलं. खानदेशी गिऱ्हाइकाशी ते अहिराणी बोलत, माझ्याशी साधं मराठी, आणि सुरती शेठशी अशी गुजराती, की शेठ दोनदा वळून बघे. हिंमतचा पंजा त्यांनी उलटासुलटा केला, सुतळीने तळव्याचा घेर मोजला, कुठे घट्टे पडलेत ते बघितलं. मग त्याला गाडीवर बसवून डोळे मिटायला सांगितले. आता हँडल धर. सोड. परत धर. प्रत्येक वेळी हात कुठे पडतो तिथे ते खडूने खूण करत. हिंमतला लाज वाटत होती, रस्त्यावरचे लोक बघत होते.

त्यानंतर त्यांनी डब्यातून चार-पाच ग्रिप काढल्या आणि एकेक स्वतःच्या गालावर फिरवली. एक बाजूला ठेवली, दुसरी पुन्हा डब्यात. मी हिंमतकडे बघितलं, हिंमतने माझ्याकडे. लहर असेल म्हणून मी ते लिहिलं नाही.

बसवण्याचं काम मात्र मी सगळं लिहून घेतलं. जुनी ग्रिप ब्लेडने उभी चिरायची, ओढून काढायची नाही. नळीवरचा जुना गोंद पूर्ण खरवडायचा, नळी स्पिरिटने पुसायची. नवी ग्रिप सरकवायला साबणाचं पाणी अजिबात नाही, साबण आत राहतो आणि पावसात ग्रिप फिरते. उजवीकडची, म्हणजे रेसची मूठ, आत ठासून बसवायची नाही. स्विचच्या डबीपासून पोस्टकार्ड सरकेल एवढी फट हवी. फट नसेल तर मूठ घासते, आणि हात सोडला तरी रेस परत येत नाही. शेवटी गोंद सुकेपर्यंत गाडीची चावी आप्पांच्या खिशात. गिऱ्हाईक रुसो, रागावो, चावी मिळत नसे.

महिन्याभरात माझी नऊच्या नऊ माणसं त्यांच्या हाताखालून गेली. हिंमतचा कप सुटायचा थांबला.

त्यांचा हट्ट किती टोकाचा होता ते एकदा बघितलं. साड्यांच्या मार्केटमधला एक तरणा शेठ नवी कोरी मोठी गाडी घेऊन आला. फोमच्या जाडजूड ग्रिप त्याने स्वतःच मागवून आणल्या होत्या. "काका, लगावी आपो ने," म्हणाला. आप्पांनी त्याचा हात बघितला. लहान पंजा, बारीक बोटं. त्यांनी त्याच्या डाव्या हातात पाण्याची एक मोठी पत्र्याची बाटली दिली आणि उजव्या हातात हातोडीचा दांडा, आणि दोन्ही हात पुढे धरून उभं राहायला सांगितलं. स्वतः चहा प्यायला लागले. दोन मिनिटांत डावा हात थरथरायला लागला.

"कयो हाथ थाक्यो?" आप्पांनी विचारलं.

बाटलीवाला थकणारच, तिच्यात पाणी आहे, असं तो म्हणाला. आप्पांनी बाटली त्याच्या हातातून घेतली आणि उलटी केली. रिकामी होती. जाड मूठ आरामाची वाटते, पण लहान पंजाला ती सारखी आवळून धरावी लागते, हे त्यांनी त्याला नंतर सांगितलं. शेठने बारीक रबराच्या ग्रिप लावून घेतल्या. जाताना फोमच्या तिथेच ठेवून गेला, त्या कित्येक दिवस टपरीच्या बांबूला उशीसारख्या लटकत होत्या.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी मी काही सामान ठरवायला गेले होते. आप्पा एका गाडीची जुनी ग्रिप चिरत होते आणि माझ्याशी बोलत होते. पेट्रोलच्या टाकीवर एक लाल थेंब पडला. मग दुसरा.

"आप्पा, रक्त."

त्यांनी आधी गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघितलं. मग ब्लेडकडे. स्वतःच्या बोटाकडे सगळ्यात शेवटी. उजव्या अंगठ्याजवळचं बोट चांगलं खोल चिरलं होतं, आणि ते बोटाकडे असे बघत होते जसं कोणी ते टपरीवर विसरून गेलं असावं. चिंधी गुंडाळली, टाकी पुसली, गिऱ्हाइकाला चहाला पाठवलं. मग माझ्याकडे न बघता बोलले. लूमवर तीस वर्षं थरथर झेलली होती. आधी मुंग्या, मग थंडीत बोटं पांढरी पडायची. आता उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना काहीच कळत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेलं परत येणार नाही.

"म्हणून गालावर," मी म्हणाले.

"गाल अजून शाबूत आहे."

मुलगी नाशिकला, ती सारखी बोलावत होती. तिला हे कळलं तर त्याच दिवशी येऊन घेऊन जाईल, म्हणाले. तिथे जाऊन करायचं काय? जावयाच्या घरी सोफ्यावर बसून रिमोट सांभाळायचा. माझं पेन उघडं होतं. ते त्यांनी बघितलं. "ताई, हे वहीत नको."

मी पेन बंद केलं. मग काम कसं करता, एवढंच विचारलं. त्यांनी करून दाखवलं. हँडल सरळ, रेस पिळायची, सोडायची. हँडल पूर्ण डावीकडे, पुन्हा तेच. उजवीकडे, पुन्हा तेच. दर वेळी मूठ मागे येऊन थांबताना बारीक 'टक्' असा आवाज आला. बोटांचं काम कान करतात, असं त्यांचं म्हणणं. तो आवाज आला नाही तर चावी द्यायची नाही. मला ते पटलं. पटवून घेणं सोयीचंही होतं, कारण नऊ गाड्यांसाठी दुसरा एवढा चोख माणूस मला शोधावा लागला असता.

सुरतेत संक्रांत जवळ आली की दुचाक्यांच्या हँडलवर सळईच्या कमानी चढतात, पतंगाचा मांजा गळ्यापर्यंत पोचू नये म्हणून. यंदा संक्रांतीच्या दोन दिवस आधी आमच्या शेजारच्या दुकानातल्या एकाच्या मानेला मांजा लागला आणि टाके पडले. आमच्या मालकांनी मला सांगितलं, आजच्या आज सगळ्या गाड्यांना कमानी. रस्त्यावर कमानी लावून देणारे पुष्कळ होते, पण ते आरशाच्या भोकात कशातरी अडकवतात आणि आठवड्यात त्या लोंबायला लागतात. मला आप्पांचं काम हवं होतं. सकाळीच नऊ जणांना घेऊन गेले.

आप्पा नाही म्हणाले. दिवसाला दोन करतो म्हणाले. मी म्हटलं, नऊ, आज, तीनच्या आत.

त्यांनी वर बोट दाखवलं. समोरच्या तिन्ही गच्च्यांवर भोंगे लागले होते, गाण्यांनी टपरीचा पत्रा हलत होता. "मला ऐकू येत नाही, ताई."

असं का म्हणतात ते त्या रस्त्यावर मला एकटीला माहीत होतं. मी म्हटलं, "भोंगे परवापर्यंत राहणार आप्पा. आणि मांजा आजपासूनच आहे." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांनी मान हलवली. मी तो होकार धरला.

कमानीचा पाय हँडलच्या टोकाला बोल्टने बसतो. डावीकडे काही प्रश्न नाही. उजवीकडे मात्र रेसची मूठ फिरती असते, म्हणून पाय आणि मूठ यांच्यामध्ये रबराची चकती घालायची. आप्पांनी होजपाइपच्या नऊ चकत्या कापल्या, मोजल्या, शर्टाच्या खिशात टाकल्या आणि कामाला लागले. जेवले नाहीत. तीनला पाच मिनिटं कमी असताना नववी गाडी झाली. एकेक जण आमच्या दुकानाकडे परत गेला. त्यांतला रतन कामरेजला माल घेऊन गेला, हिंमत हजीऱ्याला. मी वहीतल्या कामावर रेघ मारली.

मी निघतच होते. घाम पुसायला आप्पांनी खिशातून रुमाल ओढला आणि त्याच्याबरोबर एक चकती खाली पडली. टपरीच्या फरशीवर गोल फिरून आडवी झाली.

आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. मग आप्पांनी स्वतःचा उजवा हात वर केला आणि बोटं जुळवली, चिमटीत काही धरल्यासारखी. "धरली असं वाटलं," ते म्हणाले.

नऊपैकी एक गाडी चकतीशिवाय गेली होती. कोणती, ते माहीत नव्हतं. दुकानात फोन केला. सात गाड्या आवारात उभ्या होत्या, एकेकीचं टोक बघायला लावलं. सातही ठीक. म्हणजे रतन किंवा हिंमत. दोघांना फोन लावले. दोघांनीही उचलले नाहीत. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही हा नियम मीच केला होता आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या.

उभ्या गाडीवर रेस परत येते, निघताना कोणालाच काही जाणवलं नसणार, असं आप्पांनी सांगितलं. वेगात वारा कमानीला मागे दाबतो, तेव्हा पाय मुठीवर टेकतो आणि मूठ अडकते. रतन कामरेजच्या गर्दीत असेल, तिथे पावलापावलाला रेस सोडावी लागते, वेग नाही. हिंमतचा रस्ता मोकळा. रेस उघडली की मैलोनमैल तशीच. "आणि सोडायची वेळ येते तेव्हा," आप्पा म्हणाले, "पुढे ट्रेलर असतो."

मी एका फोनवरून हिंमतला लावत होते, दुसऱ्यावरून रतनला. आप्पा स्टुलावर बसले नाहीत. गच्चीवर कोणाचा तरी पतंग कापला गेला आणि आरडाओरडा झाला, तेव्हा ते दचकले. तीन चाळीसला रतनचा फोन आला. मी काही न सांगता त्याला खाली उतरून उजवं टोक बघायला लावलं. चकती आहे, म्हणाला.

"हिंमत," आप्पा म्हणाले.

त्यानंतर मी अकरा वेळा फोन लावला. बाराव्यांदा लावणार तेवढ्यात माझ्याच फोनवर हिंमतचं नाव उमटलं. मी उचलला आणि अनोळखी माणूस बोलला. "मॅडम, आपका आदमी इधर गिरा है. बोल रहा है, होश में है."

ट्रेलरने ब्रेक लावला होता. हिंमतने रेस सोडली, गाडीचा वेग कमी झाला नाही, त्याने गाडी डावीकडे वाळूत घातली. उजवं मनगट मोडलं, खांदा सोलवटला. ट्रेलर हातभर पुढे होता.

दवाखान्यात पोचलो तेव्हा हिंमतची बायको सुनंदा आमच्या आधी आली होती. हिंमत आत प्लास्टरला होता. त्याला वाटत होतं रस्त्यावरची वाळू उडून मुठीत गेली आणि ती अडकली असेल. ट्रेलरवाल्याला सगळे शिव्या देत होते. सुनंदाने आप्पांना बघितलं आणि पाया पडली. तुम्ही कमान लावली म्हणून निदान गळा वाचला, असं काहीतरी म्हणाली. त्या क्षणी कोणी काही बोललं नसतं तर गोष्ट तिथेच संपली असती. मी काही बोलले नाही. हे मी लिहून ठेवते.

आप्पा म्हणाले, "सुनंदा, माय, मन्ही चूक शे. चकती बसाडीच नही मी. मन्हा बोटेसले काहीच समजत नही. दोन वरीस व्हयनात."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. "तुमले माहीत व्हतं?"

"हा."

"आनी तरी?"

सुनंदाच्या हातात हिंमतच्या फाटक्या शर्टाची पिशवी होती, ती तिने छातीशी धरली. आवाज न चढवता म्हणाली, "आप्पा, तुम्ही आते जा." ते गेले. माझ्याजवळून जाताना थांबले आणि माझ्या पर्सकडे बघून म्हणाले, "आता लिहा."

मी अहवालात दोन्ही लिहिलं. चकती राहिली हे, आणि नऊ गाड्या एका दिवसात करायचा आग्रह कोणाचा होता हेही. मालकांनी वाचलं, घडी घातली आणि कागद खणात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आमच्या आवारात आले. आठही जणांना गोळा करायला लावलं आणि हातांचं सगळं सांगितलं, अगदी गालापर्यंत. गाड्या दुसऱ्या मेकॅनिककडून तपासून घ्या म्हणाले. एकाने नको आप्पा, तुमच्यावर भरवसा आहे, असं म्हटलं, तर त्याच्यावर खेकसले. प्रत्येक गाडी तपासून परत येईपर्यंत ते आवाराच्या फाटकाशी उभे होते. संध्याकाळपर्यंत टपरी रिकामी झाली. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

मुलगी न्यायला आली, पण आप्पा लगेच गेले नाहीत. हिंमत परत गाडीवर बसेपर्यंत इथेच, डिंडोलीतल्या आपल्या खोलीत राहणार म्हणाले. सुनंदा त्यांच्याशी बोलत नव्हती. हिंमत बोलत होता.

मार्चअखेर हिंमतचा मनगटाचा व्यायाम संपला आणि त्याने नव्या ग्रिप घेतल्या. रविवारी सकाळी आप्पांकडे जातोय म्हणाला. मलाही तिकडे काम होतं, म्हणून गेले. आप्पा दाराच्या पायरीवर बसले होते, आणि हिंमत गल्लीत गाडीजवळ उकिडवा. ग्रिप हिंमत स्वतः बसवत होता. आप्पा नुसते सांगत होते, आणि एकदाही उठले नाहीत. हिंमतने स्पिरिटने नळी पुसली तर पुन्हा पुसायला लावली. ग्रिप दोन सूत आत गेली तर बाहेर काढायला लावली. हिंमत कंटाळून म्हणाला, "आप्पा, बायकोसुद्धा इतकं बोलत नाही." आप्पा म्हणाले, "मला बोलायला हवं होतं तिने."

गोंद सुकायला दुपार झाली. हिंमत पहिल्यांदाच पुन्हा हजीऱ्यापर्यंत जाणार होता. निघताना आप्पांनी त्याला सांगितलं, पोचलास की फोन कर, मला, ताईंना नंतर. हिंमतने गाडी सुरू केली, आणि गल्लीच्या तोंडाशी वळला.

माझी अजून तीन कामं राहिली होती, मी पाचेक मिनिटांत निघाले. स्कूटर वळवताना मागे बघितलं. आप्पा पायरीवरच होते. फोन त्यांनी हातात घेतला नव्हता, थरथरला तरी बोटांना कळलं नसतं. समोर फरशीवर उताणा ठेवला होता, आणि त्याच्यावर वाकून, पापणी न हलवता, काळ्या काचेकडे बघत बसले होते.